‘जागा नाही’ हे लेखी द्या : नाशिकमध्ये मुलाच्या मोफत शिक्षणाचा हक्क पदरात कसा पाडून घ्यायचा

जूनचा तिसरा आठवडा. सातपूर भागातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनभाऊंसोबत बसलो होतो. भाऊ मूळचे सुरगाणा तालुक्यातले, मुलगी नऊ वर्षांची. गावी दुसरीपर्यंत शिकली, मग आईबापांबरोबर दिंडोरीच्या द्राक्षबागांवर गेली आणि शाळा सुटली ती सुटलीच. आत कार्यालयात तीन वाक्यं ऐकायला मिळाली. ‘दाखला आणा.’ ‘आधारवरचं नाव दुरुस्त करून आणा.’ आणि आम्ही उठता उठता, ‘तसंही आता जागा नाही.’

तिन्ही वाक्यं कायद्यात बसत नाहीत. पण तोंडी नकाराची कुठे नोंदच होत नाही. वरच्या साहेबांकडे गेलात तर ‘असं कोणी म्हणालंच नाही’ हे उत्तर तयार असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही टाईप केलेला अर्ज घेऊन गेलो, पोच मागितली आणि म्हटलं, ‘मॅडम, प्रवेश देता येत नसेल तर याच अर्जावर कारण लिहून सही-शिक्का द्या.’ कोणी काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी मुलगी चौथीच्या वर्गात बसली.

मी वकील नाही. एका मनपा शाळेच्या व्यवस्थापन समितीत पालक म्हणून दोन वर्षं होतो, त्यातून आलेलं हे शहाणपण आहे.

आधी एक गैरसमज काढू

नाशिकमध्ये ‘आरटीईत नंबर लागला का?’ असं कोणी विचारलं, तर त्याचा अर्थ इंग्रजी शाळेतल्या २५ टक्के जागांच्या सोडतीत नाव आलं का, एवढाच असतो. नंबर लागला नाही की पालक म्हणतात, ‘आपल्याला आरटीई नाही मिळालं.’ हे चूक आहे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, आणि २५ टक्के म्हणजे त्या कायद्यातल्या कलम १२चा एक भाग. कायदा प्रत्येक मुलासाठी आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम २१-अ आलं, त्यावरून २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी, घराजवळच्या शाळेत, मोफत. ‘सक्ती’ हा शब्द वाचून पालक दचकतात. खरी सक्ती सरकारवर आहे: मूल शाळेत आणायचं, टिकवायचं आणि आठवीपर्यंत पोचवायचं. पालकांवर मुलाला शाळेत घालण्याचं कर्तव्य आहे, पण कायद्यात त्यासाठी दंड नाही.

आणि ‘मोफत’चा अर्थ फक्त फी माफ असा नाही. कलम ३ म्हणतं, शिक्षण पूर्ण करण्यात अडथळा येईल अशी कोणतीही फी, शुल्क किंवा खर्च मुलावर पडता कामा नये. ‘खर्च’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी पहिली : शाळा कोणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक टाळतात, आणि मग सहा महिने चुकीच्या दारात उभे राहतात. नाशिक शहरात, म्हणजे पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिक रोड, नाशिक पूर्व आणि पश्चिम या सहा विभागांत, प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी महानगरपालिकेची. तक्रार मनपा शिक्षण विभागाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे, त्यांच्या वर आयुक्त. मालेगावची महापालिका वेगळी. बाकी ग्रामीण भाग जिल्हा परिषदेचा. तिथे मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी अशी उतरंड आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या शासकीय आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. तिथली तक्रार प्रकल्प अधिकाऱ्यांकडे न्या. त्या खात्याचं आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, ही आपल्या जिल्ह्याची सोय.

शहराच्या कडेला, आडगाव किंवा पाथर्डी फाट्यापलीकडे, हद्दीचा घोळ होतो. घर एका हद्दीत, शाळा दुसऱ्या. अर्ज शाळा ज्यांची आहे त्यांना करा.

पायरी दुसरी : कागद नसले तरी प्रवेश

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

जन्मदाखला नाही? कलम १४ सांगतं, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद, दवाखान्याच्या किंवा नर्सबाईंच्या नोंदवहीतली नोंद चालते. तीही नसेल तर पालकाचं स्वतःचं लेखी निवेदन पुरतं.

शाळा सोडल्याचा दाखला नाही? दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो आणि अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. खासगी शाळा थकलेल्या फीसाठी दाखला दाबून ठेवतात तेव्हा हेच कलम दाखवा. मूल आधी नव्या शाळेत बसवा, दाखला मागून येत राहील.

जून उलटून गेला? कलम १५. सत्र सुरू झाल्यावरही प्रवेश द्यावा लागतो. ऑगस्टमध्ये आलेलं मूल, दिवाळीनंतर आलेलं मूल, दोघांनाही.

वय जास्त आहे? मूल वयाला साजेशा इयत्तेत बसतं. नऊ वर्षांच्या मुलीला ‘पहिलीपासून सुरू करा’ म्हणणं कलम ४ च्या विरुद्ध आहे. मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायची जबाबदारी शाळेची. चौदा वर्षं पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत शिक्षण मोफतच राहतं.

आधार कार्ड? २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या वयातलं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, त्यासाठी आधारची अट घालता येत नाही. मग शाळा एवढा हट्ट का धरतात? कारण संचमान्यता. शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे, ते पोर्टलवर आधार जुळलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. आधार न जुळलेलं मूल वर्गात दिसतं पण मोजणीत येत नाही, आणि मोजणीत कमी पडलं तर एक शिक्षक जातो. मुख्याध्यापकांची अडचण खरी आहे. म्हणून त्यांच्याशी भांडू नका. ‘प्रवेश आज द्या, आधार दोन महिन्यांत दुरुस्त करून देतो’ असं अर्जातच लिहा, आणि खरंच द्या.

‘जागा नाही’ बद्दल थोडा फरक समजून घ्या. विनाअनुदानित खासगी शाळा २५ टक्क्यांबाहेरच्या प्रवेशात जागा भरल्याचं सांगू शकते. मनपा किंवा जिल्हा परिषदेने मात्र मुलाला परिसरातच शाळा द्यायची आहे. एक वर्ग भरला असेल तर तुकडी वाढवायची की शिक्षक, हा प्रश्न त्यांचा. मुलाला दारातून परत पाठवणं हे त्याचं उत्तर नाही.

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखतही घेता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. देणगी मागितली तर त्या रकमेच्या दहा पटीपर्यंत. ‘इन्टरॅक्शन’ असं गोड नाव दिलं म्हणून मुलाखत बदलत नाही.

पायरी तिसरी : अर्ज

साधा, एका पानाचा. हा मसुदा उतरवून घ्या.

प्रति, मा. मुख्याध्यापक, (शाळेचे पूर्ण नाव व पत्ता)

विषय : पाल्यास वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळणेबाबत.

महोदय, माझी मुलगी/मुलगा (नाव), वय (…) वर्षे. आम्ही (पत्ता) येथे राहतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम ४, ५, १४ व १५ नुसार तिला/त्याला इयत्ता (…) मध्ये प्रवेश द्यावा, ही विनंती. पूर्वीच्या शाळेचा दाखला / जन्मदाखला सध्या उपलब्ध नाही. वयाबाबतचे माझे निवेदन सोबत जोडले आहे. प्रवेश देणे शक्य नसल्यास कारण लेखी कळवावे.

खाली नाव, सही, तारीख. शेवटी ‘प्रत माहितीसाठी’ लिहून शहरात प्रशासनाधिकारी, गावात गटशिक्षणाधिकारी.

दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा द्यावा, शेजारी वाचून दाखवणाऱ्याची सही. ‘सर, तेवढं बघा ना’ म्हणून हात जोडणाऱ्या पालकाला शाळा ‘उद्या या’ म्हणते. हातात पोच असलेल्या पालकाला कोणी उद्या या म्हणत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही.

पायरी चौथी : २५ टक्क्यांची सोडत

अल्पसंख्याक नसलेल्या विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्याव्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी हे कलम वैध ठरवलं. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून बाहेर राहिल्या, त्यामुळे काही नामांकित शाळा यादीत दिसत नाहीत. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खासगी शाळेला २५ टक्के लागू नाही. शहरात अशी शाळा नसलेला भाग शोधून सापडणं कठीण, म्हणजे व्यवहारात योजना गुंडाळलीच होती. मुंबई उच्च न्यायालयाने आधी ६ मे २०२४ रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. अजूनही एखादं सायबर कॅफे ‘जवळ मनपा शाळा आहे, तुमचा फॉर्म बसणार नाही’ असं सांगत असेल तर ते जुनं आहे.

अर्ज शालेय शिक्षण विभागाच्या पोर्टलवर, फुकट. तारखा दरवर्षी बदलतात. डिसेंबर-जानेवारीपासूनच वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा. दहापर्यंत शाळा निवडता येतात. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही. खुल्या प्रवर्गातल्यांना वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. दिव्यांग मुलाला ४० टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र.

अर्ज बाद होण्याची दोन कारणं मला परत परत दिसली. पहिलं, नकाशावरचं ठिकाण. पोर्टल घरापासून शाळेचं अंतर नकाशावरून मोजतं. कॅफेतला मुलगा घाईत खूण भलतीकडे ठेवतो, नंबर लागतो, आणि पडताळणीत पत्ता जुळत नाही म्हणून प्रवेश जातो. मोबाइल घेऊन स्वतःच्या दारात उभे राहा, नकाशावर ठिकाण बघा आणि तेच टाका. दुसरं, भाडेकरार. सिडको-अंबडमधले बरेच कामगार भाड्याने राहतात आणि करार साध्या कागदावर असतो. तो नोंदणीकृत लागतो, आणि अर्ज भरण्याआधीच्या तारखेचा. नंबर लागल्यावर केलेला करार चालत नाही. घरमालक नोंदणीला कां-कू करतात. त्यासाठी दिवाळीपासूनच मागे लागा.

फक्त एसएमएसवर विसंबू नका, पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघत राहा.

नंबर लागला, प्रवेश झाला, की दुसरी लढाई सुरू होते. सरकार शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत देतं, आणि तेही वर्षानुवर्षं थकतं. मग शाळा पालकाकडे ‘अ‍ॅक्टिव्हिटी’, ‘स्मार्ट क्लास’, ‘डायरी’, ‘गॅदरिंग’ अशा नावांनी पैसे मागते. शाळांची तक्रार रास्त आहे, पण ती सरकारशी आहे. इथे कलम ३ मधला ‘खर्च’ हा शब्द काढा. प्रत्येक मागणी लेखी मागा, दिलेच तर पावती घ्या. पावती नको म्हणणाऱ्या शाळेला पैसेही नको म्हणा. मुलाला वेगळ्या बाकावर किंवा वेगळ्या तुकडीत बसवलं, सहलीच्या यादीतून नाव काढलं, तर तारखेसह लिहून ठेवा. हा भेदभाव आहे आणि त्यावर नजर ठेवणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे.

हे सगळं आठवीपर्यंत. नववीला पूर्ण फीचं पत्रक हातात पडतं आणि पालक हबकतात. सातवीतच ठरवा पुढे कुठे.

पायरी पाचवी : सरकारी शाळेत आत काय हवं ते मोजा

कायद्याच्या परिशिष्टात शाळा कशी असावी ते आकड्यांत दिलं आहे, म्हणून मोजता येतं. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार. सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम आणि पुढे १५० ग्रॅम धान्य.

यातला एक आकडा मला खटकतो. ६० मुलांना दोन शिक्षक म्हणजे पेठच्या एखाद्या पाड्यावर चाळीस मुलांच्या पाच इयत्ता दोन गुरुजी सांभाळतात, आणि ते अगदी कायदेशीर. त्यातला एक बैठकीला तालुक्याला गेला की शाळा एका माणसावर. शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बाकी अशैक्षणिक काम देऊ नये असं कलम २७ सांगतं. फोटो चढवणं, पोर्टल भरणं हे कोणत्या खात्यात धरायचं, ते गुरुजींनाच विचारा.

बोलायची जागा शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला. बऱ्याच ठिकाणी सभा होते ती रजिस्टरमध्ये, सह्या घरोघरी जाऊन. मी पहिल्या सभेला गेलो तेव्हा इतिवृत्त आधीच लिहून तयार होतं. पुढच्या सभेत मी फक्त एक विषय मांडला, मुलींच्या स्वच्छतागृहाचं पाणी, आणि तो ठराव म्हणून लिहून घ्यायला लावला. समितीचा ठराव आणि शाळा विकास आराखडा वर पाठवावा लागतो. तक्रार करणाऱ्या एकट्या बापापेक्षा ठरावाला वजन जास्त.

शाळाच बंद करायची वेळ आली तर? २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेवर गेली होती: ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ कमी पटाच्या नावाखाली शाळा हलवताना अंतर विचारा. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंत एक किलोमीटर, आठवीपर्यंत तीन. मधे नाला किंवा घाट असेल तर तेही लिहा.

पायरी सहावी : हंगामावर जाणाऱ्यांसाठी

सुरगाणा-पेठकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात, नांदगाव-मालेगावकडची ऊसतोडीला. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवून मूल बसवता येतं, पुन्हा दाखल्याची भानगड नाही. मूल आजीकडे ठेवायचं असेल तर गावात हंगामी वसतिगृह सुरू करण्यासाठी समितीचा ठराव सप्टेंबरातच पाठवा. गाव रिकामं झाल्यावर केलेली मागणी फाइलीतच राहते.

पायरी सातवी : ऐकलं नाही तर

कलम ३२ खाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे शहरात मनपा, गावात जिल्हा परिषद. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

दरम्यान माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘प्रवेश का दिला नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर येत नाही. ‘अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ असं विचारा. तीस दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्याची फी वीस रुपये. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, मुंबईला जावं लागत नाही.

वॉचमनभाऊंच्या मुलीचं आधार ऑगस्टमध्ये दुरुस्त झालं. ती चौथीत बसली खरी, पण जोडाक्षर आलं की थांबते. विशेष प्रशिक्षणाचा अर्ज आम्ही दसऱ्यानंतर दिला. आवक क्रमांक माझ्याकडे आहे, प्रशिक्षण अजून सुरू झालेलं नाही. तोवर ती संध्याकाळी गेटवरच्या केबिनमध्ये बसून सोसायटीच्या नोंदवहीतली नावं मोठ्याने वाचते. परवा ‘कुलकर्णी’ जमलं.